सुई, रीळ आणि खारी हवा

पावसाळा सरत आला की जुन्या रेकॉर्डी, टेप आणि रेडिओच्या या सदराकडे येणाऱ्या पत्रांनाही बुरशीचा वास येतो. गणपतीला चाकरमानी घरी येतात, माळा झाडला जातो, ट्रंक खाली उतरते आणि पुढच्या आठवड्यात मला पत्र येतं. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं कळवलंय, म्हणून कोणाचंच छापत नाही; गाव तेवढं ठेवलंय. उत्तरं देणारा माणूस कुडाळच्या बाजारात रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान चालवून आता घरी बसलेला आहे, एवढं ध्यानात ठेवून वाचा. शहरातले हाय-फायवाले वेगळं सांगतील. त्यांच्याकडे एसी असतो.

प्रश्न : सासरे गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली. आत रेकॉर्डी आहेत. काही लहान पण जाड आणि जड, काही मोठ्या आणि पातळ. सगळ्यांवर पांढरी बुरशी. जाऊबाई म्हणतात भंगारात द्या, आमचे हे म्हणतात स्पिरिटने पुसून काढू. काय करावं?
— एक वाचक भगिनी, वेंगुर्ले

उत्तर : ताई, भंगारवाला आणि स्पिरिटची बाटली, दोघांनाही तूर्तास उंबऱ्याबाहेर ठेवा.

लहान, जाड आणि जड त्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. त्या लाखेच्या असतात, लाखेत दगडाची बारीक पूड मिसळून दाबलेल्या. सुतार कपाटाला जे स्पिरिट पॉलिश मारतो, ते म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाखच. तुमच्या यजमानांनी बोळा फिरवला तर बुरशीबरोबर गाणंही पुसलं जाईल. मोठ्या आणि पातळ त्या एलपी, ३३ १/३ फेऱ्यांच्या, व्हिनाइलच्या. शंका आली तर कडेला धरून नखाने हलकेच टिचकी मारा. लाखेची रेकॉर्ड कपबशीसारखी टणटणते, एलपीचा आवाज बद्द येतो. आणि लाखेची हातातून सुटली तर तिचं कपबशीचंच होतं, तेव्हा हे काम सतरंजीवर बसून करा.

पाऊस उघडलेला, वारा असलेला दिवस बघा. नाकाला रुमाल बांधा. बुरशीची पूड छातीत जाते. घरात कोणाला दमा असेल तर त्याने या कामाला बसूच नये. आधी कोरडी बुरशी मऊ ब्रशने झाडायची, तीही रेघांच्या दिशेने, गोल. मी यासाठी दाढीचा कोरा ब्रश ठेवलाय. आडवं घासलं की ओरखडा पडलाच म्हणून समजा. मग इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी घ्या, विहिरीचं नको. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाका, मऊ सुती फडकं बुडवून घट्ट पिळा आणि पुसा. नंतर नुसत्या पाण्याच्या फडक्याने पुन्हा एकदा. मधल्या लेबलाला पाणी लागू द्यायचं नाही. बरणीचं प्लास्टिकचं झाकण त्यावर दाबून धरलं की काम भागतं.

एलपी जरा जास्त ओली झाली तरी बिघडत नाही. ७८ ची मात्र बुडवू नका. काही जुन्या रेकॉर्डींच्या, विशेषतः कोलंबियाच्या, पोटात कागद असतो आणि वरून थर दिलेला. तडा गेला असेल तर पाणी आत शिरतं आणि थर सुटून येतो. पुसलं की लगेच कोरड्या फडक्याने टिपा आणि स्वयंपाकघरातल्या ताटाळ्यात उभ्या करून पंख्याखाली ठेवा. उन्हात नाही. उन्हात एलपी वाकते, आणि वाकलेली कोणाच्या बापाच्याने सरळ होत नाही.

आता यजमानांना सांगायची दुसरी गोष्ट. त्या ट्रंकेशेजारी चावीचा ग्रामोफोन निघाला असेल तर त्यावर एलपी ठेवायची नाही, कौतुक म्हणूनसुद्धा नाही. त्याचं डोकं वजनाने दांडगं आणि पिन पोलादी. एका फेरीत एलपीची रेघ खरवडून निघते. पोलादी पिन ७८ वरदेखील एक बाजू वाजवली की बदलायची असते, हे आपल्याकडे कोणी पाळलं नाही आणि म्हणून निम्म्या जुन्या रेकॉर्डी चरचरतात. पुढच्या काळातला विजेवरचा प्लेअर असेल, एचएमव्हीचा फिएस्टा वगैरे, तर त्याच्या हाताच्या टोकाला एक बारीकशी कळ असते, एका बाजूला ७८ आणि दुसऱ्या बाजूला एलपी. ती फिरवली की पिन बदलते. ७८ ची रेघ रुंद, एलपीची अगदी बारीक. पिन उलटी लावली तर ७८ नुसती खरखरते, एलपी मात्र कायमची जाते.

ठेवायच्या कुठे? माळ्यावर परत नाही. माळा चुलीवर येतो म्हणून कोरडा, असं म्हणून आपले लोक सगळं तिथे चढवतात. कोरडा असतो खरा, पण धूरही तिथेच जातो आणि ऊबही. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकूनही नको, ती जून ते सप्टेंबर पाझरत असते. मधल्या भिंतीकडे, जमिनीपासून वीतभर वर, उभ्या. एकीवर एक रचल्या की खालच्या दबतात. बुरशी धरलेली कागदी पाकिटं बदला. वरचा छापील भाग हवासा वाटला तर फोटो काढून ठेवा. डांबराच्या गोळ्या प्लास्टिकशेजारी नकोत. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रंग बदलणाऱ्या मिळतात. रंग बदलला की मंद आचेवर तव्यात शेकून पुन्हा वापरायच्या.

आणि वाजवा. सासऱ्यांची आठवण म्हणून कुलूप लावून ठेवलेली रेकॉर्ड आपल्या हवेत टिकत नाही. महिन्याकाठी पाकिटातून बाहेर येणारी, पुसली जाणारी, वाऱ्याला लागणारी टिकते. दुकानात आलेल्या मालावरून हे मी छातीठोक सांगतो. सगळ्यात वाईट हालत असायची ती 'जपून ठेवलेल्या' वस्तूंची.

प्रश्न : अमेरिकेहून कायमचे परत येताना मामांनी त्यांचा जुना टर्नटेबल आणला. ११० व्होल्टचा आहे म्हणून ट्रान्सफॉर्मर लावला. चालतो, पण गाणं रडकं आणि खालच्या पट्टीत. बेल्ट सैल झालाय असं एकाने सांगितलं. नवा घातला, तरी तेच.
— एक वाचक, देवगड

उत्तर : बेल्टचा काही दोष नाही. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. जुन्या बऱ्याच टर्नटेबलांत सिंक्रोनस मोटर असते आणि ती व्होल्टेजला विचारत नाही, विजेच्या ठोक्यावर चालते. सहाचे पाच ठोके झाले, म्हणून ३३ १/३ च्या जागी रेकॉर्ड मिनिटाला पावणेअठ्ठावीस फेरे घेते. काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारमध्ये उतरते, किंचित त्याच्याही खाली. गावात कोणी पेटीवाला असेल तर शेजारी बसवून ताडून बघा, बरोबर तेवढंच निघेल.

उपाय मोटरच्या आसावर असलेल्या पितळी पुलीत आहे. आधी वरचं ताट उचलून पाहा. काही कंपन्या ५० आणि ६० दोन्हींसाठी पुली किंवा खटका देत असत. नसेल तर त्याच मॉडेलची ५० हर्ट्झची पुली शोधा. तीही नाही मिळाली तर लेथवाल्याकडून करून घेता येते, जुनीच्या १.२ पट व्यासाची, पण हात बसलेला लेथवाला पाहिजे. पुली केसभर जरी तिरकी झाली तर प्रत्येक लांबवलेला सूर थरथरतो. पुलीला चिकटपट्टी गुंडाळणं हा उपाय मी पाहिलेला आहे. त्यावर न बोललेलं बरं.

झाल्यावर वेग तपासायला कागदावर गोल काढून कडेने १८० सारख्या काळ्या रेघा आखा, ताटावर ठेवा आणि चोकवाल्या जुन्या ट्यूबच्या उजेडात फिरवा. रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसल्या की ३३ १/३ बरोबर. पुढे सरकताना दिसल्या तर वेग जास्त, मागे तर कमी. एलईडीच्या उजेडात हा प्रयोग बहुधा फसतो, तिचा प्रकाश तसा लुकलुकत नाही.

प्रश्न : काकानू, माझ्या बापाशीचे डबलबारीचे कॅसेटी आसत. दोन-तीन वाजतत, बाकीचे चीं चीं करून थांबतत. एका कॅसेटीत तर पांढरा कायतरी दिसता. माका ते सगळे मोबाईलात घालूचे आसत. काय करू?
— कणकवली

उत्तर : झिला, डबलबारी म्हणजे दोन भजनीबुवांचा सामना, हे बाहेरच्यांसाठी सांगून ठेवतो. पहिली गोष्ट म्हणजे पांढरं दिसणारी कॅसेट चांगल्या टेपमध्ये घालू नकोस. ती बुरशी आहे. ती हेडला लागते आणि तिथून पुढच्या सगळ्या कॅसेटींना. ती वेगळी काढ, शेवटी बघू.

चीं चीं करणाऱ्या कॅसेटींतली रीळ बहुतेक ठीक असते. वर्षानुवर्षं एका जागी पडून ती घट्ट बसलेली असते आणि आतले गुळगुळीत कागद चिकटलेले असतात. कॅसेट तळहातावर सपाट दोन-चार वेळा आपट, मग टोकापासून टोकापर्यंत पुढे आणि पुन्हा मागे पळव. निम्म्या तिथेच बोलायला लागतात. उरलेल्यांना नवं घर द्यायचं. पाच स्क्रूंची एखादी कोरी कॅसेट घे, उघड, तिच्यातली रीळ काढून बापाशीची बसव. तुझ्या कॅसेटीला स्क्रू नसून ती चिकटवलेली असेल तर सांध्यात पातळ सुरी घालून उकलावी लागेल. कवच मोडलं तरी चालेल, रीळ जपायची. बुरशीवाली याच पद्धतीने, पण अंगणात, नाक बांधून. मऊ कोरड्या फडक्यातून रीळ सावकाश सरकवत पुसून घ्यायची. ९० मिनिटांच्या कॅसेटीची रीळ ६० वालीपेक्षा पातळ असते, तिला ओढाताण सोसत नाही.

टेपचा बेल्ट बघ. आपल्याकडे रबर वितळून काळा चिकट डिंक होतो आणि बोटांना लागला की आठवडाभर निघत नाही. तो बदलून, हेड आणि रबरी रोलर पुसून घे. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, कानकोरण्याच्या कापसावर घेऊन. हो, वर वेंगुर्ल्याच्या ताईंना स्पिरिट नको म्हटलं आणि तुला अल्कोहोल सांगतोय. ती लाख होती, हे लोखंड आहे.

आता खरी मेख. हेडच्या बाजूला स्प्रिंगवाला एक बारीक स्क्रू असतो. ज्या टेपवर ती बारी भरली त्याचं हेड आणि तुझं हेड एका रेषेत नसेल तर आवाज घोंगडीखालून आल्यागत येतो. लोक म्हणतात कॅसेट खराब झाली. झालेली नसते. कॅसेट चालू ठेवून तो स्क्रू अगदी पाव-पाव फेरा फिरव आणि कान झांजेवर ठेव. पखवाजावर नको, पखवाज कसाही वाजतो. झांज जिथे लखलखीत होईल तिथे थांब. दर कॅसेटीला जागा वेगळी असू शकते, कारण मांडवात ज्याचा टेप असेल त्यावर ती भरलेली.

मोबाईल स्पीकरपुढे धरून भरायचं नाही. त्यात पंखा येतो, कोंबडा येतो आणि आईची हाकही येते. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरला जोड, मध्ये यूएसबीचं साउंड कार्ड लाव. आवाज लाल पट्टीला टेकता कामा नये. बुवा गजर चढवतात तिथला सगळ्यात मोठा तुकडा आधी वाजवून बघ आणि त्या हिशेबाने ठेव. मूळ प्रत डब्ल्यूएव्हीमध्ये, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. तासाला साधारण ६३५ एमबी लागतात. व्हॉट्सअॅपवर फिरवायला एमपी३ वेगळी कर. आणि फाईलला नाव देताना गाव, देवळाचं नाव, दोन्ही बुवांची नावं, साल घाल. 'नवीन रेकॉर्डिंग सतरा' असं नाव देऊन ठेवलेल्या बाऱ्या मी पाहिल्यात; आता त्या कोणाच्या ते सांगणारा माणूस उरलेला नाही.

एक सूचना, तांत्रिक नाही. कॅसेट उलटताना मध्ये जे तुटतं ते जोडायच्या फंदात पडू नकोस. गजर ऐन रंगात असताना खट्ट आवाज, आणि दुसऱ्या बाजूला बुवा भलत्याच ओळीवर. ते तसंच राहू दे. मागे कोणीतरी 'उलट उलट, लवकर' म्हणून ओरडतोय, तोही राहू दे. तो तुझा बापूसही असेल.

प्रश्न : मिडियम वेव्हवर आकाशवाणी घरात लागतच नाही, नुसती घरघर. पूर्वी स्वच्छ लागायची. रेडिओ बिघडला की आकाशवाणीनेच ताकद कमी केली?
— गुहागर

उत्तर : दिवसाढवळ्या एकदा घराचा मेन स्विच बंद करा आणि रेडिओ सेलवर लावा. घरघर गेली तर दोष तुमच्या घरात आहे. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर हे सगळे आतून विजेची तोडजोड करतात आणि त्याचा कचरा हवेत सोडतात. चांगल्या कंपन्या तो अडवायला आत गाळणी बसवतात, शंभर रुपयांत तीन बल्ब देणारे बसवत नाहीत. मेन चालू करून एकेक बल्ब काढत जा, गुन्हेगार सापडतो. माझ्याकडे तो देव्हाऱ्यातला दिवा निघाला.

शिवाय रेडिओ फिरवून पाहा. आत काळी फेराइटची कांडी असते, बहुधा आडवी. तिचं टोक ज्या दिशेला जातं तिकडचं ऐकू येत नाही. तेव्हा टोक घरघरीकडे करायचं, स्टेशनकडे नाही. कित्येक जण रेडिओ भिंतीला समांतर ठेवतात कारण तसा तो फडताळात नीट बसतो.

संध्याकाळनंतर दूरदूरची स्टेशनं घुसतात ती मात्र बिघाड नव्हे. दिवसा मिडियम वेव्ह शोषून घेणारा वातावरणातला वरचा थर रात्री विरतो आणि लहरी आणखी वरून परतून लांब जातात. आपण समुद्रकाठचे, खाऱ्या पाण्यावरून तर दिवसासुद्धा लहरी जमिनीपेक्षा लांब पोचतात. शॉर्ट वेव्हवर रेडिओ सिलोन ऐकलेल्या पिढीला हे सांगायला नको. १९५२ साली सुरू झालेली बिनाका गीतमाला ऐकायला बुधवारी रात्री आठला लोक खळ्यात रेडिओ घेऊन बसत. आवाज चढायचा, बुडायचा आणि नेमका वरच्या पायदानचं गाणं सुरू झालं की नाहीसा व्हायचा.

हे सगळं नको असेल तर आकाशवाणीची केंद्रं मोबाईलच्या अॅपवरही लागतात. घरघर नाही. रेंज असली तर.

प्रश्न : लोकांना सल्ले देता, तुम्ही स्वतः रोज काय ऐकता आणि कशावर? आणि एकच रेकॉर्ड ठेवायची झाली तर कोणती?
— दापोली

उत्तर : सकाळी पडवीत, सेलवरच्या दोन बँडच्या रेडिओवर आकाशवाणी. विविध भारतीवर 'संगीत सरिता' लागायची तेव्हा दूधवाल्याला उभं राहावं लागे. दुपारी जेवणानंतर एलपीची एक बाजू. वीस-बावीस मिनिटं, तेवढ्यात डोळा लागतो, म्हणून बाजू संपली की आपोआप थांबणारा प्लेअर ठेवलाय. नाहीतर मी घोरत असतो आणि पिन शेवटच्या रेघेत झिजत असते. कॅसेट डेकला आठवड्यातून एकदा काम देतो, ऐकायचं मनात असो वा नसो, नाहीतर रबर एका जागी बसतं. मुलाने पाठवलेला ब्लूटूथ स्पीकर घरच्यांनी ताब्यात घेतलाय. बांगडे साफ करताना त्यावर दशावतार लागतो. स्पीकर पाण्याने बिघडत नाही असं खोक्यावर लिहिलंय. बांगड्याबद्दल काही लिहिलेलं नाही.

एकच ठेवायची तर केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो', भैरवी. बाई फोंड्याजवळच्या केरीच्या, म्हणजे आम्हा कुडाळकरांना शेजारच्याच. अल्लादियाखाँसाहेबांची तालीम. मैफलीत एकेक राग तासभर मांडणारी गायिका. पण ७८ च्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावतात. इतक्या थोड्या जागेत गाणारे बहुतेक जण घाई करतात, सुरुवातीलाच तानांची फैर झाडतात आणि शेवटाला धापा टाकतात. बाईंची घाई कुठेच दिसत नाही. मोकळा आकार, सूर लावला की तो भरून उरतो, आणि मधे श्वास कुठे घेतला ते शोधावं लागतं. चांगल्या हेडफोनवर कान देऊन शोधून पाहा. साडेतीन मिनिटं संपतात तेव्हा गाणं तोडलंय असं वाटत नाही, संपवलंय असं वाटतं. माझ्याकडे मूळ रेकॉर्ड नाही. एका मित्राच्या ७८ वरून उतरवलेली कॅसेट होती, ती आता फोनात आहे. कणकवलीच्या झिलाला जी पद्धत सांगितली, तीच.

हेच गाणं १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यानांबरोबर सूर्यमालेच्या बाहेर पाठवलं, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. दोन यानं त्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात सुटली आणि बाई त्याच सप्टेंबरात वारल्या. मला त्यातली भावलेली गोष्ट दुरुस्तीवाल्याची आहे. सोन्याचा मुलामा दिलेली ती तांब्याची तबकडी १६ २/३ फेऱ्यांवर वाजते, म्हणजे एलपीच्याही अर्ध्या वेगाने, कारण एवढं सगळं बसवायचं होतं. आणि पाठवणाऱ्यांनी सोबत कार्ट्रिज आणि पिन दिली, झाकणावर कशी वाजवायची त्याची आकृती कोरली. इथे पंधरा हजारांचा टर्नटेबल विकणारे पिन सुटी घ्या म्हणतात.

प्रश्न : कॉलेजला रोज बसने जातो. भारी कोडेकवाले वायरलेस इअरफोन घ्यावेत का?
— रत्नागिरी

उत्तर : एसटीत? नको. कोडेक म्हणजे वायरलेसने आवाज दाबून पाठवायची पद्धत. इंजिनाच्या घरघरीत साधं एसबीसी आणि भारी एलडॅक यांच्यातला फरक तुलाच काय, कंपनीच्या इंजिनिअरलाही सांगता येणार नाही. त्यापेक्षा कानात घट्ट बसणारी रबरी टोकं नीट मापाची घे. बाहेरचा आवाज अडला की व्हॉल्यूम वाढवावा लागत नाही, आणि खरा प्रश्न तो आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९० वर गेलास तर आठवड्याला फक्त ४ तास. उरलेल्या पैशांत जानेवारीत थिबा पॅलेसच्या महोत्सवाला जा आणि पुढच्या रांगेत बस.

प्रश्न : २०२१ च्या पुरात आमच्या सीडी चिखलात गेल्या. धुऊन ठेवल्या, पण अडकतात. रेकॉर्डसारख्या गोल पुसतो आहोत.
— चिपळूण

उत्तर : तिथेच चुकतंय. सीडी गोल पुसायची नाही, मधून कडेकडे सरळ. आडवा ओरखडा ती निभावून नेते, रेघेबरोबर गेलेला लांब ओरखडा नाही. आणि चकचकीत बाजूपेक्षा छापील बाजू जपा. गाणं तिच्या लगेच खाली असतं. तिथला मुलामा सुटून आरपार उजेड दिसत असेल तर ती गेली. बाकीच्या ज्या चालतात त्या आजच कॉम्प्युटरवर उतरवा.

प्रश्न : रेकॉर्ड प्लेअर अॅम्प्लिफायरला जोडल्यापासून सतत घूं आवाज येतो. उन्हाळ्यात अॅम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्याही येतात. पावसाळ्यात कमी होतं.
— राजापूर

उत्तर : घूं आवाजाचं सोपं आहे. प्लेअरमधून दोन लाल-पांढऱ्या वायरींशिवाय एक बारीक तिसरी वायर लोंबत असेल, ती अॅम्प्लिफायरच्या मागच्या अर्थच्या स्क्रूला आवळा. ती तशीच लोंबती सोडणारे घरटी एक असतात.

झिणझिण्यांचं तुम्हीच उत्तर दिलंय. पावसाळ्यात कमी आणि उन्हाळ्यात जास्त म्हणजे घराचं अर्थिंग कोरडं पडतंय. कातळावर बांधलेल्या घरांत हे हमखास. खड्डा खोल जात नाही आणि मार्चनंतर ओल राहत नाही. तीन पिनांच्या प्लगाची मधली, म्हणजे अर्थची जाड पिन कापून दोन पिनांत घुसवलेली असेल तर तीही आधी सरळ करा. अर्थिंग तपासून घेईपर्यंत तो अॅम्प्लिफायर लावू नका, आणि हा अंक हाती पडायची वाट न बघता वायरमनला बोलावलं असेल अशी आशा आहे. अशा गोष्टी मासिकाला विचारायच्या नसतात.